रुमॅटॉईड आर्थ्रायटिस: दुखणं थांबलं की गोळीही थांबवायची का?

सकाळचे सहा वाजलेत. नळाला पाणी आलंय, पण तोटी फिरवायला बोटं वळत नाहीत. कुकरचं झाकण लावताना मनगटातून कळ जाते. काल सहज चढलेल्या बांगड्या आज हाताच्या सुजेमुळे अडकतात. तासाभराने, गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, हात हळूहळू 'सुटतात' आणि दिवस सुरू होतो.

समजा, ही कोल्हापूरमध्ये राहणारी ४२ वर्षांची शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिला रुमॅटॉईड आर्थ्रायटिस असल्याचं निदान झालं. तिच्या औषधांच्या डब्यात मुख्यतः दोन पाकिटं आहेत. एक वेदनाशामक गोळ्यांचं. दुसरं आठवड्यातून एकदाच घ्यायच्या गोळ्यांचं.

मधले काही महिने तिला खूप बरं वाटत होतं. सूज नाही, कळा नाहीत. घरातले म्हणाले, "आता बरी आहेस ना, मग कशाला एवढ्या गोळ्या? किडनी खराब होईल." तिलाही ते पटलं. आठवड्याची गोळी तिने बंद केली. दीड-दोन महिन्यांनी बोटं पुन्हा सुजली, तेव्हा तिने वेदनाशामक सुरू केली. आधी एक, मग सकाळ-संध्याकाळ.

म्हणजे जी गोळी नेमाने घ्यायची, ती तिने गरजेपुरती घेतली. आणि जी गरजेपुरती घ्यायची, ती नेमाने घ्यायला लागली.

हे उदाहरण काल्पनिक असलं तरी ही चूक मात्र अगदी सर्रास होते. त्यात रुग्णाचा निष्काळजीपणा असतोच असं नाही. दुखलं की गोळी, थांबलं की बंद, हा हिशोब डोकेदुखीला किंवा तापाला चालतो. रुमॅटॉईड आर्थ्रायटिसला तो का चालत नाही? मग कोणती गोळी कधी घ्यायची, हे ठरवायचं तरी कसं?

हा आजार नेमका काय आहे?

आपल्याकडे सांध्यांच्या जवळपास प्रत्येक दुखण्याला 'वात' म्हटलं जातं. वयानुसार गुडघ्याची होणारी झीज, युरिक ॲसिड वाढल्यामुळे होणारा गाऊट, चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने राहणारी सांधेदुखी आणि रुमॅटॉईड आर्थ्रायटिस हे सगळे वेगवेगळे आजार आहेत. त्यांचे उपचारही वेगळे आहेत.

रुमॅटॉईड आर्थ्रायटिसमध्ये सांधा झिजण्यापासून सुरुवात होत नाही. इथे शरीराची रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या नाजूक अस्तरावर हल्ला करते. हे अस्तर सुजतं, जाड होतं आणि हळूहळू शेजारची कूर्चा आणि हाड पोखरायला लागतं. हाड एकदा पोखरलं गेलं की औषधाने ते पूर्ववत होत नाही. सांध्यांशिवाय डोळे, फुफ्फुसं आणि रक्तवाहिन्यांवरही या आजाराचा परिणाम होऊ शकतो.

साधारणपणे हाताची बोटं, मनगट, पायाच्या बोटांची मुळं अशा लहान सांध्यांपासून आणि बहुतेकदा दोन्ही बाजूंना एकाच वेळी त्रास सुरू होतो. सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या-एक तासापेक्षा जास्त वेळ आखडलेले राहतात. झिजेच्या दुखण्यात हालचाल वाढली की त्रास वाढतो आणि विश्रांतीने बरं वाटतं. इथे उलट, विश्रांतीनंतर आखडतं आणि हालचालीने मोकळं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ८० लाख लोकांना हा आजार होता. त्यातल्या जवळपास ७० टक्के महिला होत्या.

महाराष्ट्रातली परिस्थिती समजायला भिगवणचं उदाहरण महत्त्वाचं आहे. पुणे जिल्ह्यातलं हे गाव अनेकांना उजनीच्या फ्लेमिंगोंमुळे माहीत आहे. १९९६ मध्ये इथे घरोघरी जाऊन सांधे आणि स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी झाली. 'कॉपकॉर्ड' या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाअंतर्गत झालेल्या या पाहणीत रुमॅटॉईड आर्थ्रायटिसचं प्रमाण सुमारे ०.५ टक्का आढळलं. म्हणजे दर २०० प्रौढ व्यक्तींमागे साधारण एक. हा फक्त शहरातला किंवा म्हातारपणाचा आजार नाही. तिशी-चाळिशीतल्या, घर आणि नोकरी दोन्ही सांभाळणाऱ्या अनेक बायकांना तो होतो.

निदानासाठी रुमॅटॉईड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्तचाचण्या केल्या जातात. पण काही रुग्णांमध्ये आजार असूनही त्या निगेटिव्ह येतात. त्यामुळे केवळ रिपोर्ट नाही, तर सांध्यांची प्रत्यक्ष तपासणी महत्त्वाची ठरते. सहा आठवड्यांहून अधिक काळ लहान सांध्यांना सूज असेल, तर रुमॅटॉलॉजिस्टला, म्हणजे संधिवात तज्ज्ञांना दाखवणं गरजेचं असतं.

दोन गोळ्या, दोन वेगळी कामं

कौलारू घर असलेल्यांना हे लगेच कळेल. पावसात घर गळायला लागलं की आपण खाली बादली ठेवतो. त्याने जमीन भिजत नाही, पण गळती थांबत नाही. गळती थांबवायची तर पावसाआधी कौलं शाकारावी लागतात. आणि शाकारणी घर गळत नसतानाच करायची असते.

वेदनाशामक गोळी ही बादली आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, इटोरिकॉक्झिब ही औषधं काही तासांत सूज आणि वेदना कमी करतात. पण हाड पोखरण्याची प्रक्रिया ती थांबवत नाहीत. पॅरासिटामॉल वेदना थोडी कमी करतं, सुजेवर त्याचा फारसा परिणाम होत नाही.

दुसऱ्या गटातली औषधं आजाराची दिशा बदलतात. मेथोट्रेक्सेट, सल्फासलाझिन, लेफ्लुनोमाइड, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही त्यातली जुनी आणि नेहमीची नावं. त्यांना डॉक्टर 'डीमार्ड' म्हणतात. ती चुकलेल्या रोगप्रतिकारशक्तीला आवर घालतात. पण त्यांचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात.

गोंधळ होतो तो इथेच. वेदनाशामक घेतली की तासाभरात फरक पडतो, म्हणून ती 'गुणकारी' वाटते. डीमार्ड घेऊन महिना झाला तरी काहीच वाटत नाही, म्हणून ती 'लागू पडत नाही' असं वाटतं. आणि बंद केल्यावरही लगेच काही होत नाही, म्हणून ती गरजेची नव्हती असा समज होतो. आजार परत डोकं वर काढतो तोपर्यंत काही आठवडे गेलेले असतात.

दुखणं थांबणं म्हणजे बरं होणं नव्हे: १९४८ चा धडा

हा फरक वैद्यकशास्त्रालाही अनुभवातूनच कळला. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेन्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या आजाराने अक्षरशः जखडलेल्या २९ वर्षांच्या एका महिलेला एक नवं संप्रेरक टोचलं. तेच पुढे 'कॉर्टिझोन' नावाने ओळखलं गेलं. काही दिवसांतच ती चालू-फिरू लागली. जगभर त्याची चर्चा झाली. १९५० मध्ये हेन्च, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउश राइखस्टाइन यांना या संप्रेरकांवरच्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळालं.

पण आनंद फार टिकला नाही. औषध थांबवलं की आजार परत येत होता. चालू ठेवलं तर चेहरा सुजणं, हाडं ठिसूळ होणं, साखर आणि रक्तदाब वाढणं, जंतुसंसर्ग होणं असे दुष्परिणाम दिसत होते.

स्टिरॉइड आजही या उपचारात वापरलं जातं. पण शक्यतो कमी मात्रेत, थोड्या काळासाठी. डीमार्डचा परिणाम सुरू होईपर्यंतचे आठवडे निभावून नेण्यासाठी किंवा आजार अचानक उफाळल्यावर. काही आठवडे सतत घेतलेलं स्टिरॉइड एकदम बंद करणं मात्र धोकादायक असतं. बाहेरून स्टिरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतं. त्यामुळे मात्रा हळूहळू उतरवावी लागते.

बाजारात, जत्रेत किंवा ओळखीतून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या 'वाताच्या पुड्यां'बद्दल सावध राहायचं तेही यासाठीच. एका रात्रीत जादूसारखा फरक पडणाऱ्या अशा औषधांमध्ये तपासणीअंती स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं आहेत. कोणतं औषध आणि किती मात्रा पोटात जातेय हे न रुग्णाला माहीत असतं, न त्याच्या डॉक्टरांना.

आठवड्याची गोळी: वार चुकवायचा नाही

मेथोट्रेक्सेट हे आज या आजाराचं पायाभूत औषध मानलं जातं. त्याच्या जन्मात एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. आंध्र प्रदेशातल्या भीमावरममध्ये जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ली प्रयोगशाळेत संशोधनाचं नेतृत्व करत होते. १९४० च्या दशकात त्यांच्या चमूने फोलिक ॲसिडविरोधी औषधं तयार केली. सुरुवातीला ती रक्ताच्या कर्करोगासाठी होती. रुमॅटॉईड आर्थ्रायटिससाठी मेथोट्रेक्सेटला अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळाली १९८८ मध्ये.

कर्करोगाचं औषध म्हटलं की घरात घबराट होते. पण सांध्यांसाठीची मात्रा त्यापेक्षा खूपच कमी असते. साधारण ७.५ ते २५ मिलिग्रॅम, आणि तीही आठवड्यातून एकदाच.

हा 'एकदाच' शब्द फार महत्त्वाचा आहे. ही गोळी चुकून रोज घेतल्यामुळे रुग्णांचे मृत्यू झाले आहेत. रक्तपेशी कमालीच्या कमी होतात, तोंड आणि आतड्यांना जखमा होतात. म्हणून काही गोष्टी पाळायला हव्यात.

- एक वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. 'बुधवार' म्हणजे बुधवारच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.
- फोलिक ॲसिडची गोळी बहुतेकदा दुसऱ्या दिवशी दिली जाते. दोन्ही पाकिटं वेगळी ठेवा.
- दुकानातून आणताना गोळीची ताकद तपासा. वेगवेगळ्या मिलिग्रॅमच्या गोळ्या दिसायला सारख्या असू शकतात.
- एखादा वार चुकला आणि दोन दिवसांच्या आत लक्षात आलं, तर गोळी घेता येते. त्याहून उशीर झाला तर तो आठवडा सोडून पुढच्या ठरलेल्या वारी नेहमीचीच मात्रा घ्यायची. दुप्पट कधीच नाही.
- घेतल्यावर मळमळत असेल तर परस्पर बंद करू नका. रात्री जेवणानंतर घेणं, मात्रा विभागणं किंवा इंजेक्शन असे पर्याय डॉक्टरांकडे असतात.

किडनी आणि यकृताची भीती अगदीच निराधार नाही. मेथोट्रेक्सेटमुळे यकृताला आणि रक्तपेशींना त्रास होऊ शकतो. पण त्यावरचा उपाय ठरलेल्या वेळी रक्त तपासणं हा आहे. सुरुवातीला दर दोन-चार आठवड्यांनी आणि मात्रा स्थिर झाल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांनी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या केल्या जातात. दारू शक्यतो टाळायची असते.

आणखी एक गोष्ट फारशी माहीत नसते. लघवीच्या किंवा इतर संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या काही अँटिबायोटिक्समध्ये ट्रायमेथोप्रिम हा घटक असतो. मेथोट्रेक्सेटसोबत तो घेतला तर रक्तपेशी धोकादायकरित्या घटू शकतात. त्यामुळे कोणत्याही कारणासाठी कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तरी 'मी मेथोट्रेक्सेट घेतेय' हे आधी सांगायचं.

वेदनाशामक घ्यायची की सोसायचं?

काही जण पहिली कळ येताच गोळी घेतात. काही जण 'सवय लागेल' या भीतीने रडकुंडीला येईपर्यंत सोसतात. दोन्ही टोकं टाळायला हवीत.

सूज कमी करणाऱ्या या वेदनाशामकांचं व्यसन लागत नाही. त्यांचा धोका वेगळा आहे. पोटात अल्सर आणि रक्तस्राव, मूत्रपिंडावर ताण, रक्तदाब वाढणं, हृदयविकाराची जोखीम. वय ६५ च्या पुढे असेल, आधी अल्सर झाला असेल, रक्त पातळ करणारी औषधं सुरू असतील किंवा किडनीचा, हृदयाचा त्रास असेल तर हा धोका वाढतो. त्यामुळे नियम असा आहे: कमीत कमी मात्रा, कमीत कमी दिवस आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत.

मग आज गोळी घ्यायची का, हे ठरवताना स्वतःला तीन प्रश्न विचारता येतात.

पहिला, या दुखण्यामुळे माझं काय अडतंय? फक्त कुरकुर आहे आणि कामं होताहेत, तर शेक, थोडी हालचाल आणि विश्रांती पुरेशी असू शकते. रात्रीची झोप मोडतेय, कपडे घालता येत नाहीत किंवा व्यायामच बंद पडलाय, तर गोळी घेण्यात कमीपणा नाही. वेदनेमुळे सांधा हलवणं थांबलं तर स्नायू कमजोर होतात आणि पुढचं दुखणं वाढतं.

दुसरा, आज आणखी काय पोटात गेलंय? डोकेदुखी किंवा सर्दीसाठी घेतलेल्या गोळीतही पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक असू शकतं. दोन वेगळ्या नावांच्या पाकिटांत एकच औषध असणं ही नेहमीची गोष्ट आहे. सूज कमी करणाऱ्या दोन वेदनाशामक गोळ्या एकत्र घ्यायच्या नाहीत. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी २४ तासांत जास्तीत जास्त ४ ग्रॅम पॅरासिटामॉल ही वरची मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर ती आणखी खाली येते. एकादशीला किंवा नवरात्रात उपवास असेल तर रिकाम्या पोटी वेदनाशामक घेऊ नये.

तिसरा, या आठवड्यात मी ती किती वेळा घेतली? अधूनमधून लागणं वेगळं आणि रोज लागणं वेगळं. आधी आठवड्याला एक-दोन गोळ्या लागत होत्या आणि आता रोज दोन लागताहेत, तर त्याचा अर्थ मुख्य उपचार कमी पडतोय. अशा वेळी वेदनाशामक वाढवण्याऐवजी डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी.

घड्याळाचाही इथे संबंध आहे. या आजारात सूज वाढवणारे इंटरल्युकिन-६ सारखे घटक रात्री वाढतात आणि पहाटे सर्वाधिक असतात. म्हणून सकाळ सगळ्यात वाईट जाते. ज्यांचा सकाळचा आखडलेपणा जास्त आहे, त्यांना डॉक्टर कधी कधी दीर्घकाळ परिणाम करणारी वेदनाशामक रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगतात. औषध तेच, पण वेळ बदलल्यामुळे सकाळ सोपी होऊ शकते.

प्रत्येक दुखणं आजारामुळेच नसतं

निदानाला काही वर्षं झालेल्या रुग्णांमध्ये वेदनेची तीन वेगळी कारणं असू शकतात.

सांधा गरम, सुजलेला, दाबल्यावर दुखणारा असेल आणि सकाळी बराच वेळ आखडत असेल, तर आजार सक्रिय असण्याची शक्यता असते. इथे डीमार्डची मात्रा वाढवणं किंवा औषध बदलणं उपयोगी पडतं.

सूज नाही, पण वापरल्यावर ठरावीक सांधा दुखतो आणि विश्रांतीने थांबतो, तर ते पूर्वी झालेल्या नुकसानीचं दुखणं असू शकतं. त्याला व्यायाम, आधार देणारा पट्टा, फिजिओथेरपी आणि काही वेळा शस्त्रक्रिया लागते.

सांधे शांत आहेत, रक्ताचे रिपोर्ट चांगले आहेत, तरी अंगभर दुखतं, झोप लागत नाही, सतत थकवा आहे. तेव्हा मेंदू आणि मज्जासंस्था वेदनेबाबत जास्त संवेदनशील झालेली असू शकते. हे दुखणं 'मनाचं' नसतं, ते खरंच असतं. पण त्यावर रोगप्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवून उपयोग होत नाही. झोप, नियमित व्यायाम, मनावरचा ताण यांकडे लक्ष द्यावं लागतं आणि काही वेळा वेगळी औषधं लागतात.

हा फरक डॉक्टरांना कळायला रुग्णाची नोंदवही फार उपयोगी पडते. रोज फक्त चार गोष्टी लिहायच्या: सकाळी किती मिनिटं आखडलं, कोणते सांधे सुजले, किती वेदनाशामक घेतल्या आणि काय करता आलं नाही. 'खूप दुखतं' यापेक्षा 'या आठवड्यात चार दिवस भाकरी थापता आली नाही' हे वाक्य डॉक्टरांना जास्त सांगून जातं.

आजार उफाळला तर घरी काय करायचं?

सगळं नीट घेऊनही काही दिवस वाईट जातात. ताणतणाव, संसर्ग, अतिश्रम ही कारणं असू शकतात, काही वेळा कारण सापडतच नाही.

अशा दिवसांत सुजलेल्या सांध्याला विश्रांती द्यावी, पण पूर्ण अंथरूण धरू नये. दिवसातून काही वेळा सांधा हळुवार हलवावा. आखडलेपणासाठी गरम पाणी, तर गरम आणि सुजलेल्या सांध्यासाठी कापडात गुंडाळलेला बर्फ अनेकांना बरा वाटतो. जोरजोरात तेल चोळणं सुजलेल्या सांध्याला मानवत नाही. जड भांडं बोटांनी उचलण्याऐवजी दोन्ही तळहातांनी उचलणं, पिशवी हातात न धरता खांद्याला लावणं, पिळा घालायचे कपडे दुसऱ्याकडे सोपवणं, अशा छोट्या बदलांनी सांध्यांवरचा भार कमी होतो. धूम्रपान करत असाल तर ते सोडणं हाही उपचाराचाच भाग आहे.

ठरलेली डीमार्ड या काळातही चालू ठेवायची. आठवडाभरात उतार पडला नाही किंवा असे दिवस पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर डॉक्टरांना भेटायचं.

काही लक्षणांमध्ये मात्र वाट पाहायची नसते.

- एकच सांधा अचानक लाल, गरम, प्रचंड दुखरा झालाय आणि ताप आहे. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.
- मेथोट्रेक्सेट सुरू असताना ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि धाप, कावीळ किंवा कारण नसताना अंगावर काळेनिळे डाग. पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांशी बोलायचं.
- वेदनाशामक घेत असताना काळी शौच, रक्ताची उलटी, छातीत दुखणं किंवा लघवी कमी होणं.
- मानेत तीव्र दुखणं आणि त्यासोबत हातापायांत मुंग्या किंवा कमजोरी.
- डोळा लाल होऊन ठणकणं.

मग ही औषधं आयुष्यभर का?

रुग्णांचा हा सगळ्यात मोठा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' इतकं सरळ नाही.

आजच्या उपचारांचं ध्येय केवळ वेदना कमी करणं नाही. आजार पूर्ण शांत किंवा जवळपास शांत करणं हे आहे. त्यासाठी आजार सक्रिय असताना दर एक ते तीन महिन्यांनी तपासणी व्हावी, असं युरोपमधल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तीन महिन्यांत सुधारणा नसेल किंवा सहा महिन्यांत ध्येय गाठलं नसेल, तर उपचार बदलावेत. १९९८ पासून बायोलॉजिकल इंजेक्शनं आणि त्यानंतर काही नव्या गोळ्याही उपलब्ध झाल्या आहेत. त्या महाग आहेत आणि सुरू करण्याआधी सुप्त क्षयरोगाची तपासणी करावी लागते, पण पर्याय आहेत. 'आता हेच भोगायचं' असं मानून वर्षानुवर्षं त्याच गोळ्यांवर दुखणं काढण्याची गरज नाही.

आजार बराच काळ सलग शांत राहिला तर औषध कमी करता येतं. पण त्याचा क्रम असतो. आधी स्टिरॉइड उतरवलं जातं. मग डीमार्डची मात्रा हळूहळू कमी करून पाहिली जाते. पूर्ण बंद केल्यावर अनेकांचा आजार परततो, म्हणून हा प्रयोग तपासण्या करत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचा.

मूल हवं असलेल्या महिलांसाठी हे आणखी महत्त्वाचं आहे. मेथोट्रेक्सेट आणि लेफ्लुनोमाइड गर्भाला घातक आहेत. ती घेताना गर्भनिरोधन आवश्यक असतं आणि गर्भधारणेच्या बऱ्याच आधी औषध बदलावं लागतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, सल्फासलाझिन असे तुलनेने सुरक्षित पर्याय आहेत. त्यामुळे 'आम्हाला मूल हवंय' हे डॉक्टरांना आधी सांगायचं. परस्पर सगळं बंद करून आजार उफाळू देणंही गर्भारपणासाठी चांगलं नसतं.

पुन्हा कोल्हापूरच्या त्या शिक्षिकेकडे येऊ. तिने काय करायला हवं? जितके आठवडे गोळी बंद होती, तेवढ्या एकदम घेऊन भरपाई नक्कीच करायची नाही. डॉक्टरांना खरं सांगायचं की दोन महिने औषध बंद होतं. हे लपवलं तर डॉक्टर समजतील की औषधच निकामी ठरलं आणि विनाकारण जास्त ताकदीचं, जास्त महाग औषध सुरू होईल. रक्त तपासून, ठरेल त्या मात्रेने पुन्हा सुरुवात करायची. पुढचे काही आठवडे वेदनाशामकाची सोबत लागेल, ती मर्यादेत घ्यायची.

आणि घरातल्यांनाही एकदा समजावून सांगायचं. ती ज्या दिवसांत हसत-खेळत भाकरी थापत होती, बांगड्या सहज चढत होत्या, ते दिवस त्या आठवड्याच्या गोळीमुळेच आले होते.

(या लेखातली माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध सुरू करण्यापूर्वी, बदलण्यापूर्वी किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)